नाकातले भले शेजारी

मराठी भाषेचा नाकावर भारी जीव. कुणी नाकासमोर चालतो, कुणी नाकानं कांदे सोलतो, कुणी दुसऱ्याच्या कारभारात नाक खुपसतो. महिनाअखेरीला खर्च भागवताना नाकी नऊ येतात, रुसलेल्या जावयाच्या नाकदुऱ्या काढाव्या लागतात आणि घरातल्या एखाद्यानं भलतंसलतं केलं, की सगळ्या घराण्याचं नाक कापलं जातं. एवढा मान असलेल्या या अवयवाच्या आत काय चालतं, असा विषय निघाला मात्र, की आपण लगेच नाक मुरडतो. शेंबूड हा काही चारचौघांत बोलायचा विषय नाही!

आज तोच विषय काढायचा आहे. कारण नाकाच्या आत, बोटाचं जेमतेम एक पेर मावेल एवढ्या जागेत, जीवाणूंची एक दाट वस्ती असते. त्यातले काही संधी मिळाली तर आपल्या जिवावर उठू शकतात. आणि काही असे असतात, की ते या दांडगटांना तिथं पाय रोवू देत नाहीत. डोळ्यांना न दिसणाऱ्या या भल्या शेजाऱ्यांची ओळख शास्त्रज्ञांना आता कुठं नीट होऊ लागली आहे. आपल्यालाही ती करून घ्यायला हवी. घरात पोराला सर्दी झाली म्हणून आपण औषधाच्या दुकानातून चार गोळ्या आणतो, तेव्हा त्या गोळ्या नेमक्या कुणाच्या मुळावर येतात, हे त्यातून कळेल.

दारावरचा बंदोबस्त

मोठा माणूस दिवसभरात साधारण दहा हजार लिटर हवा आत घेतो. त्या हवेबरोबर रस्त्यावरची धूळ येते, फुलांचे परागकण येतात, शेजारी शिंकलेल्या माणसाचे तुषार येतात. हे सगळं थेट फुप्फुसात गेलं तर आपली धडगत नाही. म्हणून निसर्गानं दारावर बंदोबस्त ठेवला आहे. आधी नाकातले केस मोठा कचरा अडवतात. त्यातून जे सुटतं, ते आतल्या चिकट थरात अडकतं. हा चिकट थर म्हणजेच आपला तो बदनाम शेंबूड. त्याच्याखाली केसांहूनही कितीतरी बारीक असे तंतू असतात. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात आणि हा थर मिनिटाला पाच-सहा मिलिमीटर वेगानं घशाकडे ढकलत राहतात. तिथून तो नकळत गिळला जातो आणि पोटातल्या आम्लात त्यातल्या बहुतेक जंतूंचा निकाल लागतो. एखाद्या गिरणीतल्या सरकत्या पट्ट्यासारखं हे काम आपण झोपेत असतानाही चालू असतं.

याच शेंबडानं एकदा वैद्यकशास्त्रात इतिहास घडवला आहे. १९२१ सालचा नोव्हेंबर महिना. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग या संशोधकाला सर्दी झाली होती. दुसरा कुणी असता तर रुमाल काढून मोकळा झाला असता. या गृहस्थानं आपल्या नाकातला स्राव जीवाणू वाढवायच्या काचेच्या बशीत टाकून ठेवला! काही दिवसांनी पाहिलं, तर त्या स्रावाच्या आसपासचे जीवाणू विरघळून गेलेले. नाकातच जंतुनाशक पदार्थ असतो, हे त्यातून कळलं. त्याला नाव मिळालं लायसोझाइम. तो अश्रूंत असतो, लाळेत असतो, अगदी अंड्याच्या पांढऱ्या भागातही असतो. पुढे १९२८ साली याच फ्लेमिंगनी पेनिसिलिन शोधून काढलं, ही गोष्ट शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. सर्दीची गोष्ट मात्र फारशी कुणाला ठाऊक नसते.

पण लायसोझाइमची एक मर्यादा होती. जे जीवाणू माणसाला खरा त्रास देतात, त्यातले बरेचसे त्याला दाद देत नाहीत. त्यातला एक तर नाकातच बिऱ्हाड थाटून बसलेला असतो.

सोनेरी द्राक्षांचा घड

या महाशयांचं नाव स्टॅफिलोकॉकस ऑरियस. ग्रीक भाषेत ‘स्टॅफिली’ म्हणजे द्राक्षांचा घड आणि लॅटिनमध्ये ‘ऑरियस’ म्हणजे सोनेरी. सूक्ष्मदर्शकाखाली हे जीवाणू घडासारखे दिसतात आणि बशीत वाढवले, की त्यांच्या ठिपक्यांना पिवळसर सोनेरी रंग येतो. नाव मोठं देखणं, पण करणी वेगळी. पापणीला आलेली रांजणवाडी, मानेवर ठणकणारा केसतोड, नखाच्या कडेला झालेला पू, यामागे बहुतेक वेळा हाच असतो. हे त्याचे किरकोळ उद्योग. शस्त्रक्रियेच्या जखमेत शिरला, की जखम चिघळते. रक्तात उतरला तर हाडं, सांधे, हृदयाच्या झडपा, कुठंही ठाण मांडतो आणि मग गोष्ट जिवावर बेतते.

आता गंमत अशी, की हा पाहुणा साधारण दर तीन माणसांमागे एकाच्या नाकात असतो. त्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. ताप नाही, दुखणं नाही, काही नाही. नाकातून तो बोटावर येतो, बोटावरून त्वचेवर आणि त्वचेला चीर पडली, की आत. जर्मनीतल्या संशोधकांनी रक्तात ऑरियस सापडलेल्या रुग्णांच्या नाकातलेही जीवाणू तपासले आणि २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दहापैकी आठ रुग्णांच्या बाबतीत रक्तातला आणि नाकातला जीवाणू एकाच वाणाचा निघाला. म्हणजे चोर बाहेरून आलाच नव्हता, तो घरातलाच होता.

पेनिसिलिन आलं तेव्हा वाटलं, की याची खोड मोडली. पण चाळीसच्या दशकातच पेनिसिलिनला न जुमानणारे ऑरियस दिसू लागले. त्यांच्यासाठी मेथिसिलिन हे नवं औषध आलं आणि १९६१ साली इंग्लंडमधून बातमी आली, की मेथिसिलिनलाही न जुमानणारे वाण सापडले आहेत. यांनाच डॉक्टर मंडळी एमआरएसए म्हणतात. आपल्याकडेही हे प्रकरण साधं नाही. भारतातल्या मोठ्या रुग्णालयांत २००८ आणि २००९ या वर्षांत रुग्णांकडून मिळालेल्या ऑरियसच्या हजारो नमुन्यांची पाहणी झाली. त्यात शंभरातले सुमारे एक्केचाळीस नमुने एमआरएसए निघाले.

मग प्रश्न उरतो तो असा : तीनपैकी एकाच्या नाकात हा असतो, तर उरलेल्या दोघांच्या नाकात का नसतो? हवा तीच, गर्दी तीच, लोकलचा डबा तोच. मग या दोघांच्या दारावर असा कोण उभा आहे?

नर्सच्या नाकातलं औषध

या प्रश्नाचं पहिलं उत्तर मिळालं ते बाळंतिणींच्या दवाखान्यात. १९५०च्या दशकात ऑरियसच्या एका दांडग्या वाणानं जगभरच्या रुग्णालयांत थैमान घातलं होतं. ‘८०/८१’ अशा रुक्ष आकड्यांनी तो ओळखला जाई. नवजात बाळांच्या खोल्यांत तो शिरला, की बाळांच्या अंगावर फोड यायचे, आईच्या स्तनाला गळू व्हायचं आणि काही बाळं दगावायची. पेनिसिलिनचा उपयोग होत नव्हता.

न्यूयॉर्कमधले हेन्री शाइनफिल्ड आणि हाइन्झ आयकेनवाल्ड हे डॉक्टर या साथीचा माग काढत होते. एका रुग्णालयात एका नर्सच्या नाकात हा वाण सापडला. ती ज्या बाळांना हाताळायची, त्यांच्याकडे पाहताना एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली. जन्मून एक दिवसही न झालेल्या बाळांना तिच्याकडून तो जंतू सहज मिळत होता. थोड्या मोठ्या बाळांना मात्र तो लागत नव्हता. नर्स तीच, हात तेच, फरक फक्त काही तासांच्या वयाचा! बाळ जन्मतं तेव्हा त्याचं नाक जवळपास कोरं असतं. पहिल्या दिवसापासून तिथं कुणी ना कुणी राहायला येतं. ज्यांच्या नाकात आधीच दुसरा एखादा निरुपद्रवी जीवाणू वस्तीला आला होता, तिथं या दांडगटाला जागाच उरली नव्हती.

एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा प्रवासी आपण सगळ्यांनी पाहिला आहे. नंतर आलेला कितीही धट्टाकट्टा असला, तरी त्याला उभ्यानंच जावं लागतं. तसाच हा प्रकार.

डॉक्टरांनी मग धाडस केलं. एका नर्सच्या नाकात ऑरियसचाच एक मवाळ वाण सापडला होता. त्याला ‘५०२ए’ असं नाव होतं. तो वाढवून नवजात बाळांच्या नाकात आणि बेंबीवर मुद्दाम लावायला सुरुवात झाली. दुधाला विरजण लावावं तसं! अमेरिकेत साथ पेटलेल्या काही ठिकाणी हा प्रयोग झाला आणि तिथल्या साथी आटोक्यात आल्या. जंतूला जंतूनंच रोखायचं ही कल्पना लागू पडली होती.

पण या गोष्टीचा शेवट गोड नाही. ५०२ए मवाळ असला तरी होता ऑरियसच. काही बाळांना त्याच्यामुळे फोड आले. आणि १९७२ साली एका आजारी नवजात बाळाचा याच वाणाच्या संसर्गानं मृत्यू झाल्याचं प्रसिद्ध झालं. तोवर नवी अँटिबायोटिक औषधं हाताशी आली होती. हा मार्ग मागे पडला. अनेक बाळांना वाचवणारा उपाय एखाद्या बाळाच्या जिवावर उठू शकतो, हा धडा मात्र मागे राहिला आणि आजही या विषयात काम करणारे तो विसरलेले नाहीत.

उपाशी वस्तीतली लढाई

त्यानंतर बरीच वर्षं गेली. जागा अडवण्यापलीकडे हे भले शेजारी आणखी काय करतात, याचा शोध चालूच होता. २०१० साली टोकियोच्या जिकेई विद्यापीठातल्या संशोधकांनी एक मजेदार गोष्ट दाखवून दिली. आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर आणि नाकात स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस नावाचा ऑरियसचाच एक चुलत भाऊ असतो. त्याचे काही वाण ‘ईएसपी’ नावाचं एक विकर सोडतात. ऑरियस आपल्याभोवती चिकट तटबंदी उभारून राहतो, तीच हे विकर उखडून टाकतं. असे वाण ज्यांच्या नाकात होते, त्यांच्या नाकात ऑरियस कमी आढळला.

२०१६ साली तर जर्मनीतल्या ट्युबिंगन विद्यापीठातून आलेल्या बातमीनं साऱ्या जगाचं लक्ष वेधलं. आंद्रेआस पेशेल आणि बेर्नहार्ड क्रिस्मर यांच्या प्रयोगशाळेत माणसांच्या नाकातून मिळवलेले जीवाणू एकेक करून ऑरियसशी झुंजवले जात होते. त्यातला एक पठ्ठ्या ऑरियसला जवळपास फिरकूच देईना. तो होता स्टॅफिलोकॉकस लुग्डुनेन्सिस. नाव अवघड असलं तरी त्याचा उगम सोपा आहे. फ्रान्समधल्या लिआँ शहराचं प्राचीन रोमन नाव लुग्डुनम. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९८८ साली या जीवाणूचं वर्णन केलं, म्हणून हे नाव.

हा लुग्डुनेन्सिस एक अँटिबायोटिक स्वतःच तयार करतो, असं दिसलं. त्याला ‘लुग्डुनिन’ म्हणतात. त्याचा रेणू वेगळ्याच घडणीचा आहे आणि औषधांना न जुमानणाऱ्या एमआरएसएलाही तो मारतो. प्रयोगशाळेत ऑरियसला महिनाभर लुग्डुनिनच्या थोड्या थोड्या मात्रेत ठेवून पाहिलं, तरी त्याला ते पचवण्याची युक्ती साधली नाही. एरवी अँटिबायोटिक औषधांचा शोध म्हटलं, की शास्त्रज्ञ मातीत शोधतात. कारण तिथल्या बुरशा आणि जीवाणू एकमेकांशी लढायला अशी रसायनं बनवतात. इथं औषध सापडलं ते थेट माणसाच्या नाकात!

एवढी हातघाई नाकात का चालावी? उत्तर साधं आहे. पोटाची भ्रांत. आपल्या आतड्यात जीवाणूंना तिन्ही त्रिकाळ पंगत असते. नाक म्हणजे त्या मानानं दुष्काळी मुलूख. खायला फार थोडं, लोह तर अगदी तुटपुंजं. अशा ठिकाणी शेजाऱ्याला हुसकावलं तरच आपली चूल पेटणार. गमतीची गोष्ट म्हणजे लोह कमी पडलं तरच लुग्डुनेन्सिस हे अस्त्र बाहेर काढतो, असं प्रयोगात दिसलं. तेव्हा हे भले शेजारी आपल्या कल्याणासाठी झिजतात असं कुणी समजू नये. ते आपापल्या पोटासाठी लढतात. फायदा आपला होतो, एवढंच.

आणि फायदा किती? ट्युबिंगनच्या मंडळींनी रुग्णालयातल्या १८७ रुग्णांच्या नाकातले नमुने तपासले. ज्यांच्या नाकात लुग्डुनेन्सिस नव्हता, त्यांच्यातल्या ३४.७ टक्के लोकांकडे ऑरियस होता. ज्यांच्या नाकात लुग्डुनेन्सिस होता, त्यांच्यात हे प्रमाण अवघं ५.९ टक्के. वाईट एवढंच, की हा राखणदार फार थोड्यांना लाभतो. दहातल्या जेमतेम एकाला.

पोरांची शेंबडी नाकं

आता वळू या घरातल्या लहानग्यांकडे. पोरांच्या बाबतीत ऑरियसपेक्षा दुसऱ्याच एका जीवाणूची धास्ती जास्त असते. त्याचं नाव न्यूमोकॉकस. नाकाच्या मागच्या भागात तो कित्येक धडधाकट मुलांकडे गुपचूप राहत असतो. पण तिथून कानात उतरला तर कान फुटतो, छातीत उतरला तर न्यूमोनिया होतो आणि मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला तर प्राणाशी गाठ. म्हणून तर बाळांना त्याविरुद्धची लस देतात आणि ती चुकवू नये.

याही जीवाणूला रोखणारे शेजारी आहेत. कॉरिनेबॅक्टेरियम अ‍ॅकोलेन्स हा त्यातला एक. याची तऱ्हा न्यारी. नाकाच्या आतल्या त्वचेवर जो तेलकटपणा असतो, त्यातली चरबी तो फोडतो आणि त्यातून निघणारी आम्लं न्यूमोकॉकसला सोसत नाहीत. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ साली हे दाखवून दिलं. आपल्या घरच्या तेलानं दुसऱ्याचा पाय घसरवण्याचाच हा प्रकार! दुसरा एक शेजारी डोलोसिग्रॅन्युलम पिग्रम. नाव उच्चारताना जीभ अडखळते खरी, पण निरोगी मुलांच्या नाकात हा आणि कॉरिनेबॅक्टेरियम हे दोघं जोडीनं आढळतात, असं वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसून आलं आहे.

ही जोडी बाळाच्या नाकात येते कुठून? नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २०१४ साली अंगावर पिणारी बाळं आणि वरचं दूध पिणारी बाळं यांच्या नाकांची तुलना प्रसिद्ध केली. दीड महिन्याच्या वयात अंगावर पिणाऱ्या बाळांच्या नाकात ही जोडी जास्त होती. सहा महिन्यांनंतर हा फरक उरला नाही. पण पहिले काही महिनेच तर बाळाच्या दृष्टीनं नाजूक असतात. आईच्या दुधाचे गुण आपल्या आज्या-पणज्या सांगत आल्या. ते दूध नाकातलाही शेजार घडवतं, हे मात्र त्यांनाही ठाऊक नसेल.

शेजार मोडू नका

आता येऊ मूळ मुद्द्यावर. पोराला सर्दी होते. नाक वाहतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शेंबूड घट्ट आणि पिवळा-हिरवा होतो. आई घाबरते. कुणीतरी सांगतं, ‘अहो, इन्फेक्शन झालंय, अँटिबायोटिक चालू करा.’ मागच्या वेळच्या बाटलीतलं उरलेलं औषध कपाटातून बाहेर येतं, नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानातून चार गोळ्या आणल्या जातात.

इथं दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. पहिली ही, की साधी सर्दी विषाणूमुळे होते आणि अँटिबायोटिक विषाणूला मारत नाही. शेंबडाचा पिवळा-हिरवा रंग येतो तो आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या द्रव्यांमुळे. शरीर लढत असल्याची ती खूण. नुसत्या रंगावरून जीवाणूंचा संसर्ग ठरत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ते औषध सर्दीचं काही बिघडवत नाही, पण नाकातल्या भल्या शेजाऱ्यांचं बिघडवतं. अँटिबायोटिक घेतलेल्या मुलांच्या नाकात कॉरिनेबॅक्टेरियम आणि डोलोसिग्रॅन्युलम यांची संख्या घटलेली आढळते. राखणदार गेले, की मोकळ्या झालेल्या जागेत कोण येऊन बसेल याचा नेम नाही. आणि औषधाला सरावलेला दांडगट तर टपलेलाच असतो. शेतात पीक दाट असलं, की तणाला डोकं वर काढता येत नाही. पीकच उपटून टाकलं, तर रान तणाचंच.

याचा अर्थ अँटिबायोटिक वाईट असा कुणी काढू नये. पोराला जोराची धाप लागली, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, दूध-पाणी तोंडाला लागत नसेल, पोर मलूल पडलं असेल, कान ठणकत असेल किंवा ताप हटत नसेल, तर घरी बसून शेजाऱ्यांच्या भरवशावर राहू नये. डॉक्टरांकडे लगेच जावं आणि त्यांनी औषध दिलं तर सांगितलेले दिवस पुरं करावं. न्यूमोनियात अँटिबायोटिक प्राण वाचवतं. प्रश्न आहे तो विनाकारण, आपल्या मनानं दिलेल्या डोसाचा. अशा औषधांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे घेऊ नका, असं ती रेघ सांगते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०१६ साली या लाल रेघेबद्दल मुद्दाम प्रचार हाती घेतला होता. दुकानदारानं विनाचिठ्ठी दिलं, तरी आपण ती रेघ ओलांडू नये.

काही घरगुती शंका

या विषयावर बोलणं निघालं, की काही प्रश्न हमखास विचारले जातात. त्यांची उत्तरं इथंच देऊन टाकू.

*नाकात बोट घातल्यानं खरंच काही होतं का?* होतं! नेदरलँड्समध्ये चक्क यावर अभ्यास झाला आहे. नाकात बोटं घालायची सवय असलेल्यांच्या नाकात ऑरियस जास्त आढळला. तेव्हा पोराच्या हातावर चापट मारणाऱ्या आईची बाजू आता शास्त्रानंही घेतली आहे. बाबांनीही वर्तमानपत्राआड लपून काही करू नये.

*मग नाकातला ऑरियस औषधानं घालवून का टाकू नये?* मोठ्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टर कधी कधी तसं करतात. नेदरलँड्समध्ये ज्यांच्या नाकात ऑरियस आढळला, अशा रुग्णांना नाकात लावायचं मलम आणि अंगाला जंतुनाशक साबण दिला गेला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्यात ऑरियसचा संसर्ग ३.४ टक्क्यांना झाला. ज्यांना नुसतं दिसायला तसंच पण बिनऔषधाचं मलम व साबण दिला, त्यांच्यात हे प्रमाण ७.७ टक्के होतं. शस्त्रक्रियेच्या वेळी हा फायदा मोठा आहे. पण धडधाकट माणसानं उगाच असं मलम लावत बसू नये. काही महिन्यांत ऑरियस बहुधा परत येतोच आणि मलमालाही सरावतो.

*जलनेती करावी का?* ज्यांना सवय आहे, शिकवणाऱ्याकडून नीट शिकले आहेत, त्यांनी जरूर करावी. पण पाणी उकळून कोमट केलेलंच हवं, त्यात योग्य प्रमाणात मीठ हवं आणि नेतीचं भांडं स्वच्छ हवं. थेट नळाचं किंवा विहिरीचं पाणी नाकात ओढू नये. अशा पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूत शिरून जीव घेऊ शकतो. असं क्वचित होतं, पण झालं तर बचावणारा विरळा.

*बाळाच्या नाकात तेल घालावं का?* न्हाऊ-माखू घालताना अजून पुष्कळ घरी घालतात. बालरोगतज्ज्ञ त्याला नको म्हणतात. ते तेल फुप्फुसात उतरून तिथं सूज येऊ शकते. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे औषधी थेंब डॉक्टरांना विचारून घालावेत.

*हे भले जीवाणूच नाकात सोडता येणार नाहीत का?* प्रयत्न जोरात चालू आहेत. जपानमध्ये २००० साली ऑरियस बाळगणाऱ्या १७ जणांच्या नाकात कॉरिनेबॅक्टेरियमचा एक वाण पुन्हा पुन्हा सोडण्यात आला. त्यातल्या १२ जणांचा ऑरियस निघून गेला. ब्रिटनमध्ये ३०० हून जास्त विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. त्यातल्या काहींच्या नाकात नायसेरिया लॅक्टॅमिका या निरुपद्रवी जीवाणूचे थेंब टाकले. मेंदूज्वर आणणारा त्याचा भाऊबंद त्यांच्यात कमी झाल्याचं २०१५ साली जाहीर झालं. बेल्जियममधल्या अँटवर्पच्या संशोधकांनी निरोगी नाकातला लॅक्टोबॅसिलस गटातला, म्हणजे दही लावणाऱ्या जीवाणूंच्या कुळातला एक वाण घेऊन त्याचा फवारा २० निरोगी माणसांच्या नाकात मारून पाहिला. त्यांना तो सोसला. पण यातलं काहीही अजून ‘घ्या आणि वापरा’ इतपत सिद्ध झालेलं नाही. लुग्डुनिनही औषध म्हणून दुकानात आलेलं नाही.

आणि घाई करूही नये. खुद्द लुग्डुनेन्सिसच घ्या. नाकात तो राखणदार, पण अशक्त माणसाच्या रक्तात उतरला तर हृदयाच्या झडपा कुरतडतो. न्यूयॉर्कच्या त्या ५०२ए सारखंच हे. शेजारी त्याच्या घरात असतो तोवर भला, आपल्या देवघरात शिरला तर नव्हे. म्हणूनच शास्त्रज्ञ आता अख्खा जीवाणू नाकात सोडण्याऐवजी त्याची लढायची विद्या तेवढी उचलावी, नाहीतर स्वभावानं पूर्ण गरीब असलेला जीवाणू निवडावा, अशा विचारात आहेत. आणि कुणी अति उत्साहानं दही किंवा ताक नाकात घालून पाहील, तर त्याला आत्ताच सांगून ठेवतो : बाबा रे, दही ताटातच बरं!

नाकाला पदक द्यायला हवं

शंभर वर्षांपूर्वी फ्लेमिंगनी आपल्याच सर्दीकडे कुतूहलानं पाहिलं. तेव्हापासून आजवर या इवल्याशा जागेनं कितीतरी गोष्टी शिकवल्या. जंतू म्हटला की शत्रू, ही आपली लहानपणापासूनची समजूत. साबणाच्या आणि फरशी पुसायच्या औषधांच्या जाहिराती ती आणखी पक्की करतात. हात धुवावेत, घर स्वच्छ ठेवावं, यात वादच नाही. पण अंगावरचा आणि नाकातला प्रत्येक जंतू मारून टाकला की आपण सुरक्षित झालो, हे काही खरं नाही. ओसाड घरात शिरायला चोराला बरं पडतं. चार माणसं ओट्यावर बसलेली असली, की तो दुरूनच निघून जातो.

तेव्हा पुढच्या वेळी घरात कुणी शिंकलं, तर गरम पाणी द्या, आराम द्या, रुमाल द्या, दोन दिवस धीर धरा. पोराच्या श्वासाकडे लक्ष ठेवा, काही वावगं वाटलं तर डॉक्टरांचं दार गाठा. पण कपाटातली ती अर्धी उरलेली अँटिबायोटिकची बाटली मात्र बाहेर काढू नका. नाकात राहणारी ती बिनभाड्याची बिऱ्हाडं आपल्याला दिसत नाहीत, कधी आभाराची अपेक्षाही करत नाहीत. आपण विनाकारण त्यांच्यावर नांगर फिरवला नाही, तरी पुष्कळ झालं.